रंगमंचापुढील पहिली रांग

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस म्हसवडच्या श्रीसिद्धनाथाचा रथ निघतो. कार्तिकात देवाचे जोगेश्वरीशी लग्न लागलेले असते आणि हा रथोत्सव म्हणजे त्या लग्नाची वरात, असा भाव माणदेशात पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. गुलाल-खोबऱ्याच्या उधळणीत रथ दिसेनासा होतो, 'चांगभलं'चा घोष माणगंगेच्या पात्रापर्यंत घुमतो आणि रथाच्या दोराला क्षणभर तरी हात लागावा म्हणून माणसे पुढे सरकत राहतात. यात्रेचा हा एक चेहरा. दुसरा चेहरा रात्री दिसतो. माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यातील बहुतेक गावांच्या यात्रांत देवाचा छबिना झाला की शेजारच्या मैदानात मंच उभा राहतो. तमाशा, ऑर्केस्ट्रा, लावण्यांचा कार्यक्रम, आणि अलीकडे नुसतीच ध्वनिक्षेपकांची भिंत. या दुसऱ्या चेहऱ्याविषयी सणाच्या पानावर लिहिण्याची चाल नाही. परंतु यात्रेची वर्गणी एकच असते, पावती एकाच देवाच्या नावाने फाटते आणि मंचापुढे लोटणारी मुले आपल्याच घरांतली असतात. तेव्हा आम्ही त्याविषयी चार शब्द लिहिणे अनुचित ठरू नये.

कीर्तनाच्या निमित्ताने गेली चाळीस वर्षे आम्ही अनेक यात्रांतील मंच जवळून पाहत आलो आहोत. गर्दी एकाएकी बेफाम होत नाही, तिला पायऱ्या असतात. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा सर्व मंडळी बसलेली असतात. मग पुढच्या दोन-तीन रांगांतला कोणी एक उठून उभा राहतो. बहुधा तो गावातल्या वजनदार घरचा असतो, म्हणून त्याला खाली बस म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. त्याच्या मागच्याला दिसेनासे होते, म्हणून तोही उठतो. बघता बघता सारे मैदान उभे राहते आणि तरीही मागच्यांना काही दिसत नाही, म्हणून ते खुर्च्यांवर चढतात. प्लॅस्टिकची खुर्ची एका माणसाच्या बैठकीसाठी केलेली असते; तिच्यावर तिघे चढले की तिचे पाय फाकतात, आणि मोडलेली खुर्ची हवेतून कुठेतरी भिरकावली जाते. आता कोणाचीच जागा निश्चित उरत नाही आणि जागा निश्चित नसली की सगळ्यांनाच मंचाजवळ जावेसे वाटते. पुढचे कठड्याला रेटले जातात. कोणी नोट हालवतो, कोणी कठडा ओलांडू पाहतो. पोलीस काठी उगारतात, दहा मिनिटे शांतता, की पुन्हा तेच.

मिरज तालुक्यातील बेडग येथे २०२२ साली एका प्रसिद्ध नर्तकीच्या कार्यक्रमाला जमलेले प्रेक्षक जवळच्या शाळेच्या कौलांवर चढले आणि कौलांचा चुरा झाला. त्यानंतरची दोन वर्षे महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून अशाच बातम्या येत राहिल्या. त्या वाचून आपल्याकडे दोन ठराविक उद्गार निघतात. एक, आजची पिढी बिघडली. दुसरा, हे असले कार्यक्रमच बंद करा. आम्हांस दोन्ही पटत नाहीत, आणि पहिला तर शास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा पहिलाच अध्याय पाहावा. पहिला नाट्यप्रयोग झाला तो उत्सवात, इंद्राच्या ध्वजमहोत्सवात. आजच्या भाषेत यात्रेतच म्हणा ना. प्रयोगात दैत्यांचा पराभव दाखविला होता. दैत्य प्रेक्षकांत होते. त्यांनी विघ्ने उभी केली आणि नटांची वाणी, चलन, स्मृती सारी थिजून गेली. रंगमंचापुढच्या दंग्याची ही आपल्या परंपरेतली पहिली नोंद. इंद्राने संतापून आपल्या ध्वजाची काठी उचलली आणि विघ्नकर्त्यांना झोडपून जर्जर केले, म्हणून त्या काठीचे नावच 'जर्जर' पडले आणि पुढे रंगपूजेत तिला मान मिळाला. येथपर्यंतची कथा पुष्कळांस ठाऊक असते. पण काठीने काम भागले नाही, हे मुनी पुढे सांगतात. उरलेली विघ्ने पुन्हा त्रास देऊ लागली. मग विश्वकर्म्याकडून मोजमापाचे नाट्यगृह बांधून घेतले गेले, त्याच्या निरनिराळ्या भागांवर रक्षक देवता नेमल्या गेल्या, आणि शेवटी ब्रह्मदेवाने स्वतः त्या रुष्ट प्रेक्षकांना बोलावून विचारले की, बाबांनो, तुमचे दुःख काय? हे नाट्य तुमच्याविरुद्ध नसून तिन्ही लोकांचे आहे, अशी त्यांची समजूत काढली. दंड, वास्तू आणि संवाद अशी तिन्ही साधने त्या एका कथेत आहेत. आमच्या यात्रा समित्यांच्या हाती तूर्त पहिलेच राहिले आहे.

त्याच ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखावे, याचा विचार आहे. प्रेक्षकांनी हसावे, 'वाहवा' म्हणावे, मोठ्याने ओरडावे, उठून उभे राहावे, भारावून वस्त्रे आणि अंगठ्या रंगमंचाकडे फेकाव्यात; ही सारी मुनींनी यशाचीच लक्षणे मानली आहेत. तमाशात फेटे उडत, दौलतजादा होई, त्याचे मूळ इतके जुने आहे. मात्र या यशाला त्यांनी 'मानुषी सिद्धी' म्हटले. तिच्याहून वरची जी 'दैवी सिद्धी', तिचे लक्षण असे की रंगगृह काठोकाठ भरलेले आहे आणि तरीही तेथे गोंगाट नाही, खळबळ नाही. गर्दी आणि स्वस्थता यांचे सख्य असू शकते, एवढेच नव्हे तर तेच कलेचे परम यश होय, हे मुनींना दिसले होते. कीर्तनकाराला हा अनुभव आयुष्यात चार-सहा वेळा येतो आणि त्या शिदोरीवर तो उरलेली वर्षे काढतो.

एका गावी आमचे कीर्तन ऑर्केस्ट्राच्या आधी, त्याच मंचावर ठेवले होते. दुपारपासूनच पुढच्या जागा धरून बसलेली तीस-चाळीस तरुण पोरे आमच्या पुढ्यात होती. ती आमच्यासाठी आलेली नव्हती, हे त्यांनी लपविलेही नाही. पण ती बसलेली होती. पूर्वरंग त्यांनी कंटाळून ऐकला, उत्तररंगातल्या आख्यानाला त्यांतली निम्मी तरी पुढे सरकून ऐकू लागली. तासाभराने तीच मुले त्याच जागी उभी राहून हुल्लड करीत होती. माणसे तीच, मैदान तेच, मंच तोच. बैठक मोडली, एवढाच फरक पडला होता. आमची अशी धारणा आहे की नारदांच्या गादीवरचा कीर्तनकार उभा आणि श्रोता बसलेला, या रचनेत आदराइतकेच व्यवहारज्ञानही आहे. बसलेल्या समुदायाला लोट येत नाही. त्याला पुढे ढकलताच येत नाही.

लोट म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. सुमारे सव्वादोन हात लांब आणि तितकीच रुंद अशी जागा घ्या. चौरस मीटर म्हणतात ती एवढीच. तेवढ्यात तीन-चार माणसे उभी असली तर प्रत्येकाला आपल्या इच्छेने पाय उचलता येतो. तीच संख्या सहा-सातवर गेली की माणूस स्वतःचा राहत नाही. समुदाय पाण्यासारखा वागू लागतो, मागे कोणी दिलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि जो सर्वांत पुढे, कठड्याला टेकलेला, त्याच्या छातीवर ती लाट येऊन थांबते. श्वास घेण्यासाठी छाती फुगावी लागते. फुगण्यास जागाच उरली नाही की माणूस उभ्याउभ्या गुदमरतो, कित्येकदा न पडता, न तुडवला जाता. इंग्रजीत अशा दुर्घटनेस 'स्टॅम्पीड' म्हणण्याची पद्धत आहे. त्या शब्दात बिथरलेल्या गुरांची धाव आहे आणि सारा दोष मेलेल्यांवर ढकलला जातो. आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्द त्या मानाने खरा आहे. चेंगरला जातो तो धावत नसतो.

सातारा जिल्ह्याला हे शिकवावे लागू नये. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेस, वाई तालुक्यातील मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. नारळाच्या पाण्याने आणि तेलाने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानांनी आवळलेली अरुंद वाट, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेवर, आणि मग लागलेली आग. त्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. पण एक गोष्ट कोणत्याही अहवालावाचून कळते. खालची माणसे वर काय चालले आहे हे न कळल्यामुळे चढतच राहिली होती. त्यांच्यात दुष्ट कोणी नव्हते, देवीच्या दर्शनास ती आतुर होती, इतकेच. मागच्याला पुढचे दिसत नाही आणि पुढच्याचा आवाज मागे पोहोचत नाही, हेच या सर्व अनर्थांचे मूळ आहे, असे आम्हांस वाटते.

मंचापुढे ही बधिरता शतपट वाढते, कारण तेथे ध्वनिक्षेपक असतात. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ट्रॅव्हिस स्कॉट या गायकाच्या कार्यक्रमाला सुमारे पन्नास हजारांचा जमाव होता. मंचापुढच्या कुंपणात दहा जण चेंगरून मरण पावले. त्यांत सर्वांत लहान बालक नऊ वर्षांचे होते. कार्यक्रम थांबवा, असे प्रेक्षक ओरडत होते. काहीजण छायाचित्रणाच्या मचाणावर चढून विनवीत होते. दुर्घटनेची घोषणा यंत्रणेत झाल्यानंतरही अर्ध्या तासाहून अधिक काळ गाणे चालूच राहिले. त्याआधी डेन्मार्कमधील रॉस्किल्डे येथे ३० जून २००० रोजी पर्ल जॅम या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात पावसाने झालेल्या चिखलात नऊ तरुण गेले. तेथे गायकाने निदान गाणे थांबविले आणि सर्वांनी तीन पावले मागे यावे अशी विनंती केली. ती विनंती नऊ जिवांना उशिरा पोहोचली, तरी ती करण्याचे भान मंचावरच्या माणसाला होते, याची नोंद केली पाहिजे.

आता आपल्याकडची एक रीत सांगतो. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी रोज संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पोहोचते, तेव्हा सर्व दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार आपला दंड वर उचलतात आणि क्षणार्धात तो अफाट समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. शांततेत तेवढाच टाळ ऐकू येतो. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याची वाट लावतात, हरवल्या-सापडल्याचे व उद्याच्या प्रस्थानाचे पुकारे होतात आणि मगच आरती होते. गाऱ्हाणे असेल तोवर देवाची आरतीसुद्धा थांबते. ही व्यवस्था कोण्या परदेशी तज्ज्ञाने बसविलेली नाही. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी राहिलेले, लष्करी शिस्त जाणणारे गृहस्थ होते. ह्यूस्टनच्या त्या रात्री पन्नास हजारांत एक चोपदार असता आणि एक टाळ ऐकू आला असता तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

रिंगणाचेही तसेच. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण आणि पुढे माळशिरस तालुक्यात पुरंदावड्याचे गोल रिंगण माणदेशातल्या पुष्कळांनी पाहिले असेल. आधी पताकाधारी, मग तुळशी डोईवर घेतलेल्या माउल्या, पखवाजवाले, वीणेकरी असे क्रमाने धावतात आणि शेवटी अश्व सुटतात. अश्व इतक्या जवळून वेगाने जातो की वारा अंगाला लागतो, पण मोकळी ठेवलेली वाट मोडत नाही. कारण पुढच्या रांगांना ठाऊक असते की त्या मागच्या हजारोंच्या वतीने तेथे आहेत, आणि त्या वाकल्या, बसल्या, तरच मागच्यांना माउलींचा अश्व दिसेल. टापांखालची धूळ कपाळी लावण्यासाठी सारे जण झेपावतात, ते अश्व थांबल्यावर.

धुळीचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात एका सत्संगाच्या समाप्तीनंतर १२१ जण चेंगरून मेले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. प्रवचनकाराच्या वाटेवरची चरणधूळ मिळावी म्हणून लोट उसळला, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. नाशिकच्या सिंहस्थात २७ ऑगस्ट २००३ रोजी ३९ भाविक गेले. साधूंनी उधळलेली नाणी वेचण्यासाठी उडालेली झुंबड हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. तेव्हा ऑर्केस्ट्राला जाणारी पोरे बेशिस्त आणि सत्संगाला जाणारे आपण सुशिक्षित, असा समज करून घेऊन कोणी निश्चिंत राहू नये. छातीवर येणाऱ्या दाबाला भक्ती आणि भोग यांतला भेद कळत नाही. ज्या हातांनी काही उधळले जाते, मग ती नोट असो, नाणे असो वा प्रसादाचा नारळ, ते हात गर्दीला आमंत्रण देत असतात.

हे एवढे रेटणे आपल्या डोंगराला मात्र माहीत नाही. शिखर शिंगणापुरी चैत्र शुद्ध द्वादशीस मुंगी घाटाने कावडी चढतात, सासवडची भुतोजी तेल्याची मानाची कावड त्यांत असते. तो उभा कडा, खांद्यावर जड कावड, तोंडाने देवालाच एकेरीत मारलेल्या हाका, आणि हाताला हात देऊन केलेली माणसांची साखळी. वरच्याचा पाय ठरल्याशिवाय खालचा पाऊल उचलत नाही, कारण वरचा घसरला तर आपल्याच अंगावर येईल हे त्याला डोळ्यांनी दिसत असते. सपाट मैदानावरचा धोका असा दिसत नाही, म्हणून तेथे तोच भाविक, तोच तरुण, डोळे मिटल्यासारखा ढकलतो.

मंचावर जी बाई नाचते-गाते तिच्याविषयी या पानावर लिहिताना काहींना संकोच वाटेल. आम्हांस तो वाटत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची हकीकत महाराष्ट्रात सांगितली जाते. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, मंचामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात ते आले तेव्हा त्यांनीच आदराने खेळ थांबविला आणि बाईंना विश्रांती घ्यायला लावली. तो प्रेक्षकही शिट्या मारणारा, फेटे उडविणाराच होता. पण समोरची बाई माणूस आहे, हे त्याला एका क्षणात कळले. आज नोट पुढे करून कलावतीचा हात ओढणारा, मंचावर चढून तिच्या अंगाशी जाणारा जो असतो, त्याला रसिक म्हणण्याचे कारण नाही. आणि त्याचा दुसरा परिणाम घरोघरच्या वाचकांनी स्वतःच्या घरात पाहावा. आपल्या गावच्या यात्रेच्या कार्यक्रमाला आपली लेक, सून, आई शेवटची केव्हा गेली होती? वर्गणी त्यांच्याही घरातून गेलेली असते. मैदान मात्र पुरुषांचे झाले, आणि पुरुषांतही दांडग्यांचे. म्हातारा बिचारा लांबून आवाज ऐकतो.

कार्यक्रम बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. लोकांनी यात्रेत हसावे-खेळावे म्हणूनच यात्रा असते, आणि बंद केलेली गोष्ट गावाबाहेरच्या माळावर दुप्पट जोराने होते. पुढच्या चैत्र-वैशाखातील यात्रांसाठी समित्यांच्या बैठका आता काही आठवड्यांत सुरू होतील. नर्तकी कोणती, वाजंत्री कोणती, सुपारी किती, यावर तेथे रात्ररात्र खल होतो. तेथे वडीलधाऱ्यांनी एवढे विषय मांडावेत. मैदानात खुर्च्यांऐवजी सतरंज्या अंथराव्यात. मानाच्या पाहुण्यांनीही त्यांवरच बसावे, कारण पहिला उभा राहणारा बहुधा त्यांच्यातलाच असतो. मंचापासून शेवटपर्यंत सहा हात रुंदीची वाट मधोमध मोकळी असावी, दोरी बांधून, आणि ती पानसुपारीच्या गाड्यांनी भरू नये. स्त्रियांची बाजू वेगळी असावी आणि त्या बाजूला बाहेर पडण्याची वाटही वेगळी असावी. कठड्यालगत चार धट्टेकट्टे स्वयंसेवक मंचाकडे पाठ करून उभे राहावेत. त्यांनी नाच पाहायचा नाही, माणसांची तोंडे पाहायची.

आणि कार्यक्रम थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे आधीच ठरलेले असावे. कलावंतांशी करार होतो त्यातच ते लिहून घ्यावे, म्हणजे मागाहून बिदागीचा वाद होणार नाही. ध्वनिक्षेपकाची कळ हाताशी राहील अशा जागी त्या माणसाला बसवावे. तो गावातला असा असावा की ज्याच्या शब्दाला पोरे मानतात, मग तो तालमीचा वस्ताद असो, निवृत्त गुरुजी असोत की दिंडीचा वीणेकरी असो. यात्रेचा जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लिहिला जातो. त्याच फळ्यावर, वर्गणीदारांच्या यादीच्या वर, त्याचे नाव लिहावे.